"मनात आणलं तर सुटते" याबद्दल

वर एकांनी लिहिलंय की मनात आणलं तर दारू एका दिवसात सुटते. रोज भरपूर पिणाऱ्याच्या जिवावर हा सल्ला बेतू शकतो. खानापूरला आमच्या गल्लीतल्या एका काकांना घरच्यांनी शपथ घालून खोलीत बसवलं. दुसऱ्या दिवशी चहाची बशी हातात धरवेना, घामानं बनियन भिजलेलं, आणि रात्री अंगावरच्या नसलेल्या मुंग्या झटकत बसले. घरचे म्हणाले, बाहेरची बाधा!

बाधा कसली? दारूनं वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला मेंदू ती अचानक थांबली की उसळतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिटसुद्धा येऊ शकते. म्हणून बेळगावच्या सिव्हिलमध्ये किंवा धारवाडच्या डिमहान्समध्ये (सरकारी मानसोपचार रुग्णालयात) नेऊन डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवरही सल्ला मिळतो.

दारूबंदीचं म्हणाल, तर कर्नाटकात २००७ साली अरॅक ही स्वस्त देशी दारू बंद झाली, पिणारे दुसऱ्या दारूकडे वळले. शिवाय चोर्ला घाट उतरला की गोवा.

आणि कृपा करून पिणाऱ्याच्या बायकोला "तूच नवऱ्याला धाकात ठेवलं नाहीस" असं म्हणू नका. मंगळसूत्र गहाण पडलेलं असतं तिचं, पोरांची फी तीच भरते. तिलाही डॉक्टरांसमोर बसून बोलू द्या.