‘लॉस्ट वर्ल्ड’मधून सॅन दिएगो कापा म्हणणाऱ्यांना

दुपारचा शो
‘ज्युरासिक वर्ल्ड: रीबर्थ’च्या चर्चेत काल एकाने लिहिलं की १९९७ चा ‘लॉस्ट वर्ल्ड’, ‘ज्युरासिक पार्क’चा दुसरा भाग, म्हणजे स्पीलबर्गने पैशांसाठी उरकलेलं काम. कड्यावर लटकणाऱ्या ट्रेलरगाडीचा प्रसंग तेवढा ठेवा, बाकी कापा, आणि कात्री आधी सॅन दिएगो शहरातल्या शेवटच्या भागाला लावा. वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

पहिल्या भागात टी-रेक्स संकट होता. दुसऱ्यात तो बाप आहे. मोहिमेतला छायाचित्रकार निक पाय मोडलेलं पिल्लू ट्रेलरगाडीत आणतो, सेरा त्याच्या पायाला आधार बांधते, आणि दोन्ही खिडक्यांत आईबाप येऊन उभे राहतात. पिल्लू सुखरूप हातात दिल्यावर ते जातात, आणि मग गाडी ढकलायला परत येतात. या प्रसंगात खलनायक कोण, सांगा. चांगुलपणाने केलेल्या कामातून, सोबत्यांना वाचवायला आलेल्या एडीसारख्या भल्या माणसाचे दोन तुकडे होतात. हे धाडस नंतरच्या एकाही भागाने केलेलं नाही.

आणि सॅन दिएगो म्हणजे शेपूट नव्हे, तीच गोष्ट पुढे चालते. कंपनीचा मालक लडलो पिल्लू शहरात नेतो, बेशुद्ध करून जहाजाने आणलेला बाप सुटतो आणि पिल्लामागे पुन्हा जहाजावर जातो. शेवटी जहाजाच्या पोटात बाप लडलोचा पाय मोडतो आणि बाजूला होतो, शिकार पिल्लाने करावी म्हणून. हा शेवट डायनोसॉरांच्या बेटावर घडवता आला नसता.

रानवाटा
एवढं लिहिलंत, पण माणसांबद्दल अवाक्षर नाही. सेरा हार्डिंग शिकारी प्राण्यांची अभ्यासक. बेटावर खुणा, वास ठेवायचा नाही हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. तीच बाई पिल्लाच्या रक्ताने भिजलेलं जाकीट अंगात घालून रानभर फिरते. शिकारी रोलंड विचारतो, तेव्हा रक्त पिल्लाचं आहे असं सांगते, तरीही काढत नाही! मग रात्री टी-रेक्स तंबूत तोंड घालतो. ही अभ्यासक?

निक तर त्याहून वाईट. पिंजरे उघडतो, छावणी उद्ध्वस्त होते. रोलंडच्या बंदुकीतल्या गोळ्या काढतो, म्हणून रोलंड टी-रेक्सला मारण्याऐवजी बेशुद्ध करतो, म्हणून तो जहाजावर चढवला जातो. सॅन दिएगोतल्या प्रत्येक मृत्यूचा धागा या माणसापर्यंत जातो. चित्रपट त्याला एका शब्दाने जाब विचारत नाही. तुम्ही ज्याला धाडस म्हणता, तो मला लेखकाचा निष्काळजीपणा वाटतो. नायकाच्या मुलीने, केलीने, दांड्यावर झोके घेत रॅप्टरला, त्या छोट्या चपळ शिकारी डायनोसॉरला, लाथ मारली त्यावर तर मी बोलतच नाही. आणि जहाजावरचे खलाशी मारले कोणी? टी-रेक्स तर तळाच्या कोठारात होता.

दुपारचा शो
केलीची लाथ तुम्हाला दिली. जहाजाचंही उत्तर चित्रपटात नाही, तेही घ्या. पण निकला जाब विचारत नाही म्हणून निष्काळजीपणा? जाब प्रेक्षकाने विचारायचा असतो. प्रत्येक पापाचा हिशेब पडद्यावर चुकता व्हावा ही अपेक्षा आपल्याकडच्या सिनेमांनी लावलेली सवय आहे.

रानवाटा
सवयींवर घसरू नका. मुद्दा संपला की लोक समोरच्याच्या आवडीनिवडीवर येतात.

जुना रसिक
दोघेही रोलंड टेंबोला विसरलात. माझे वडील वनखात्यात होते. हिंदीतून डब केलेली प्रिंट आमच्या तालुक्याच्या थेटरात लागली तेव्हा आम्हाला घेऊन गेले होते. बाकी सगळ्यावर नाक मुरडलं, पण रोलंड झालेला पीट पोस्टलथ्वेट पडद्यावर आला की सरसावून बसायचे. ‘या माणसाला जंगलात कसं उभं राहायचं कळतं,’ म्हणाले. मला दुसरा पुरावा नको.

आणि माझी खरी तक्रार अजय सिद्धूबद्दल आहे. रोलंडचा जुना सोबती, भारतीय माणूस. त्याची भूमिका हार्वी जेसन नावाच्या इंग्रज नटाने केली. तोच ओरडून सांगतो, उंच गवतात शिरू नका. कोणी ऐकत नाही, आणि तो मरतो तेही पडद्याबाहेर! शेवटी रोलंड मित्र गेल्याचं सांगतो तेवढीच त्याची श्रद्धांजली. एडीला अख्खा प्रसंग मिळतो, अजयला एक वाक्य.

दुपारचा शो
अजयबद्दल शंभर टक्के सहमत. पण तो गवताचा प्रसंग बघा. वरून कॅमेरा, रात्र, माणसं एका रांगेत पळतायत, आणि चहूबाजूंनी गवतात रेघा उमटत त्यांच्याकडे सरकतायत. रॅप्टर जवळपास दिसतच नाही. एकेक माणूस नुसता खाली ओढला जातो. छायालेखक कमिन्स्कीचा अंधार इथे कामी आला.

खडकवाचक
प्रसंग सुंदर, शास्त्र शून्य. डायनोसॉर आणि गवत यांची गाठच पडलेली नाही. गवत नंतर आलं, हे शाळकरी ज्ञान आहे.

वरोऱ्याची पोर
कोणत्या शाळेतलं? २००५ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांचा शोध छापून आला. डायनोसॉरच्या अश्मीभूत शेणात गवताचे सिलिकाकण सापडले. आणि ते शेण कुठलं? आमच्या वरोरा तालुक्यातल्या पिजदुऱ्याचं, जिल्हा चंद्रपूर. माझं आजोळ त्याच बाजूला. लहानपणी आम्ही असले गोळे दगड समजून फेकायचो. तेव्हा गवत नव्हतं हे आम्हाला शिकवू नका.

खडकवाचक
शोध माहीत आहे. त्यात गवत थोडं, बाकी ताडवर्गीय आणि सूचिपर्णी वनस्पती जास्त. पिजदुऱ्याचा काळ क्रिटेशिअसचा, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाचा, अगदी अखेरचा. त्यावरून माणूस बुडेल एवढ्या गवताची कुरणं सिद्ध होत नाहीत.

वरोऱ्याची पोर
‘गाठच पडलेली नाही’ हे तुमचं वाक्य. आता ‘थोडं’ झालं. चालेल, थोडं तर थोडं.

रानवाटा
अहो, बेट आजचं आहे! प्राणी प्रयोगशाळेतले, गवत विसाव्या शतकातलं. हा वादच गैरलागू आहे.

वरोऱ्याची पोर
तुमच्यासाठी गैरलागू असेल. त्याच १९९७ साली, जग रबरी टी-रेक्स बघत होतं तेव्हा, आमच्या डोंगरगावच्या सॉरोपॉडचं, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचं, वर्णन प्रसिद्ध झालं, जैन आणि बंदोपाध्याय यांनी केलेलं. भारतातल्या सर्वात चांगल्या सांगाड्यांपैकी एक. आज त्याचं नाव आयसिसॉरस कोलबर्टाय. पहिला शब्द कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटवरून, दुसरा अमेरिकन शास्त्रज्ञ कोलबर्टवरून. डोंगरगाव कुठे आहे त्यात? इथल्या किती जणांनी हे नाव ऐकलंय? चित्रपटातलं इस्ला सोर्ना बेट मात्र सगळ्यांना पाठ.

खडकवाचक
कोलकात्यावर राग काढू नका. त्या लोकांनी उन्हातान्हात खणून काढलं नसतं तर तेही हाती लागलं नसतं. सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तिथे तरी किती मराठी माणसं जातात?

वरोऱ्याची पोर
राग संशोधकांवर नाही. मूळ हाडं बघायला चंद्रपूरच्या पोराला हजार किलोमीटर जावं लागतं, राग त्याचा आहे.

खडकवाचक
हे बरोबर आहे.

जुना रसिक
वडधमचं माहीत नव्हतं. नातवाला घेऊन जाईन.

रानवाटा
मूळ प्रश्नावर येऊ का? जहाजातला शेवट काल पुन्हा पाहिला. बाप बाजूला होतो ते खरंच चांगलं जमलंय, तेवढं कबूल. पण त्या दोन मिनिटांसाठी पेट्रोलपंप, बस, पोहण्याचा तलाव असला सगळा धुडगूस सोसावा लागतो. माझं मत तेच.

दुपारचा शो
तलावाशेजारचा तो मुलगा रात्री उठून आईबापांना सांगतो, आपल्या अंगणात डायनोसॉर आहे. ते खिडकीशी येतात तेव्हा टी-रेक्सच्या तोंडात कुत्र्याचं लाकडी घर साखळीसकट लोंबतंय. याला धुडगूस म्हणणाऱ्याशी मी आणखी काय बोलणार?

खडकवाचक
वरोऱ्याची पोर, पिजदुऱ्याला यायचं असेल तर कधी यावं?

वरोऱ्याची पोर
उन्हाळ्यात. पीक उभं असताना शेतात पाय ठेवू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आधी शेतमालकाला विचारा. काही दिसलं तर फोटो काढा, जागा टिपून ठेवा, खिशात घालून नेऊ नका. नेणारे खूप झाले.