मदत हवी आहे: बाबांसाठी 'हिचहायकर्स गाईड', ऑडिओबुक की रेडिओ नाटक?

नमस्कार मंडळी,

काचबिंदूमुळे बाबांना आता वाचता येत नाही, पेपरातल्या मोठ्या हेडलाईनसुद्धा नाही. नारळीकरांच्या विज्ञानकथा तोंडपाठ असलेला माणूस, म्हणून डग्लस अ‍ॅडम्सच्या 'द हिचहायकर्स गाईड टू द गॅलक्सी' या विनोदी विज्ञानकादंबरीचं ऑडिओबुक घेतलं, स्टीफन फ्रायने वाचलेलं. रात्री जेवणं झाली की अर्धा तास दोघं मिळून ऐकतो.

सुरुवात काय रंगली म्हणून सांगू! बाबा नगररचना विभागातून रिटायर झालेत. गोष्टीचा नायक आर्थर, त्याचं घर बायपाससाठी पाडायला बुलडोझर आलाय आणि प्लॅन कुठे लावलेला तर तळघरात, वापरात नसलेल्या संडासात, कुलूप लावलेल्या कपाटाच्या तळाशी, दारावर पाटी 'बिबट्यापासून सावध', एवढं ऐकून बाबा इतके हसले की मला पॉज करावं लागलं. पुढे व्होगॉन नावाचे परग्रहवासी अख्खी पृथ्वीच पाडायला येतात आणि म्हणतात प्लॅन 50 वर्षं अल्फा सेंटॉरी या ताऱ्यावरच्या ऑफिसात लावलेला होता, तुम्ही बघितला नाहीत! बाबा लगेच, "हरकतीची मुदत संपली ना!" कितीतरी महिन्यांनी त्यांना असं हसताना बघितलं हो.

पण आता गाडी अडलीये. गोष्ट चालू असताना मध्येच 'गाईड'मधली, म्हणजे गोष्टीतल्या अंतराळ प्रवाशांच्या माहितीपुस्तकातली, माहिती सुरू होते, कुठलीही भाषा कळावी म्हणून कानात घालायचा बेबल फिश नावाचा मासा वगैरे, आणि बाबा विचारतात, "हे आता कोण बोलतंय?" वाचणारा एकच, त्यात ब्रिटिश उच्चार आणि झेफॉड बीबलब्रॉक्स, स्लार्टीबार्टफास्ट असली नावं. स्पीड 0.8 केला तर कळतं जास्त पण आवाज ओढल्यासारखा येतो आणि विनोदाची वेळच चुकते, दोनदा करून बघितलं.

मुळात हे 1978 साली बीबीसी रेडिओ 4 वर आलेलं नाटक, पुस्तक 1979 चं. नाटकात गाईडचा आवाज वेगळा आहे, पीटर जोन्सचा, आणि मुख्य पात्रांना वेगवेगळे नट. पहिल्या सिरीजचे अर्ध्या अर्ध्या तासाचे 6 भाग, आमच्या वेळेत अगदी बसतात. भीती एकच, साऊंड इफेक्ट खूप आहेत, त्यात बोलणं दबलं तर?

ज्यांनी दोन्ही ऐकलंय त्यांनी प्लीज सांगा, नाटकावर जाऊ का? की आधी मी मराठीत त्या दिवसाचा भाग थोडक्यात सांगून मग फ्रायचंच लावू? घरातल्या वयस्कर माणसाबरोबर कोणी असं ऐकलं असेल तर नक्की लिहा, बाबा रोज विचारतायत आर्थरचं पुढे काय झालं.