मदत हवी आहे: सोळा वर्षांच्या मुलीचा कोरियन गायकावर जीव जडलाय. कुठवर ठीक समजायचं?

नमस्कार. मुलगी अकरावी सायन्सला आहे, आम्ही नाशिकला राहतो. 'स्ट्रे किड्स' नावाचा आठ मुलांचा कोरियन बँड आहे, त्यातला फेलिक्स तिला आवडतो. नुसता गायक म्हणून नाही. "आई, मी त्याच्या प्रेमात आहे, चेष्टा नाही करायची," असं तिने मला स्वतःहून सांगितलं. इतक्या विश्वासाने सांगितल्यावर ते हसण्यावारी नेणं मला जमणार नाही, म्हणून इथे विचारतेय.

घरात दोन टोकं आहेत. तिचे बाबा म्हणतात, मोबाइल काढून घे, ती फोटोकार्डं (बँडमधल्या मुलांचे छोटे छापील फोटो) टाकून दे, आपोआप डोकं ठिकाणावर येईल. सासूबाई दादरच्या. साठच्या दशकात काशिनाथ घाणेकरांसाठी मुली कशा वेड्या व्हायच्या हे त्यांनी पाहिलंय. पुढे राजेश खन्नाला तर मुली रक्ताने पत्रं लिहायच्या. "सगळ्या लागल्या की संसाराला. वय सरलं की उतरतं हे," असं त्यांचं मत.

मला सासूबाईंचं बरंचसं पटतं. या वयात हाताबाहेरच्या माणसावर प्रेम करणं एका अर्थी सुरक्षितच असतं. नकार मिळत नाही, कोणी गैरफायदा घेत नाही, आणि आपल्याला कसा माणूस आवडतो हे मनातल्या मनात उलगडत जातं. फेलिक्स ब्राउनी छान करतो म्हणून आमची लेक, जिने आजवर चहासुद्धा टाकला नव्हता, ती रविवारी कोको चाळून घेते, ओव्हनसमोर बसून राहते, सुरी कोरडी बाहेर आली की ओरडते. कोरियन लिपीही ती आपली आपण वाचायला शिकली. २०२४ मध्ये 'एस्पा' या कोरियन मुलींच्या बँडमधल्या करीनाचं एका अभिनेत्याशी प्रेम असल्याचं जाहीर झालं आणि चाहते इतके भडकले की तिला हाताने पत्र लिहून माफी मागावी लागली. यावर मी मुद्दाम लेकीचं मत विचारलं. ती म्हणाली, "फार वाईट वागले लोक. फेलिक्सचं कुणाशी जमलं तर मी रडेन, पण त्याने माफी का मागायची?" हे ऐकून मला फार बरं वाटलं.

काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. तिने दरमहा पैसे भरून एक ॲप घेतलंय. त्यात फेलिक्सचे मेसेज येतात. एकच मेसेज सगळ्यांना जातो, पण प्रत्येकीच्या स्क्रीनवर तो फक्त तिच्यासाठी आल्यासारखा दिसतो, मजकुरात तिने स्वतः भरलेलं टोपणनावही येतं. उत्तर लिहिता येतं, पण अक्षरं मोजकी, आणि सबस्क्रिप्शन जितके दिवस अखंड चालू राहील तितकी ही मर्यादा वाढत जाते. खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. सोलमध्ये सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार असतात. पोर त्या वेळी उशाशी फोन घेऊन जागी असते. मैत्रिणींकडे जाणं कमी झालंय. परवा म्हणाली, "तो रोज विचारतो, जेवलीस का. वर्गातलं कोण विचारतं?"

इथे सासूबाईंची तुलना मला अपुरी वाटते. घाणेकरांचं नाटक पडदा पडला की संपायचं, मुली घरी यायच्या. हा मेसेज रात्रंदिवस उशाशी आहे, आणि नात्याची आस लागावी अशाच बेताने ते सगळं बांधलंय. अशा एकतर्फी जवळिकीबद्दल हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहिलं होतं. तेव्हा विषय टीव्ही-रेडिओवरच्या चेहऱ्यांचा होता, आणि त्या चेहऱ्यांना तुमचं नाव घेऊन बोलता येत नव्हतं. पुढे २००२ मध्ये सेलिब्रिटीवेड मोजायची एक प्रश्नावली आली. तिच्यात तीन पायऱ्या मानल्यात: मित्रमंडळींत गप्पा मारण्यापुरती आवड, मग तो आपला जिवाभावाचा आहे असं वाटणं, आणि शेवटी त्याच्यासाठी काहीही करायची तयारी. माझी लेक पहिलीवरून दुसरीवर सरकतेय असं मला वाटतं.

ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय, किंवा ज्या स्वतः यातून गेल्या आहेत, त्यांनी कृपया सांगा. फोटोकार्डं, गाणी, ब्राउनी यांना हात न लावता फक्त ॲप बंद करायला सांगणं योग्य होईल का? की अचानक तोडलं तर ती माझ्याशीच बोलणं बंद करेल? रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला ठेवायचा, एवढ्यापासून सुरुवात करावी असं मनात आहे. नाशिकमध्ये किशोरवयीन मुलांशी नीट बोलणारे, लगेच आजाराचं लेबल न लावणारे समुपदेशक कोणाला माहीत असतील तर व्यक्तिगत निरोप पाठवा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून ठेवलाय. अशा विषयासाठी तिथे कोणी फोन केलाय का?

आणि तिच्या बाबांना कसं समजावू तेही सुचवा. ॲपचे पुढच्या महिन्याचे पैसे येत्या आठवड्यात कापले जातील, त्याआधी आम्हा तिघांना एकत्र बसून बोलायचं आहे.