टॉड्री म्हणजे भपकेबाजच ना?

महालवाली: नमस्कार मंडळी, भाचीला बँकेच्या परीक्षेसाठी इंग्रजी शिकवून राहिली, काल उताऱ्यात टॉड्री शब्द आला. डिक्शनरीत भडक, भपकेबाज दिलं आहे, पण ती म्हणते मावशी ऑस्टेन्टेशसलाही तेच म्हणतात नं, मग फरक काय? अन् हा शब्द आला कुठून?

बर्डीचा वाचक: ताई, भपकेबाज अर्धवटच बसते. टॉड्रीत माल हलका पायजे अन् तोरा भारीचा. इतवारीत एक ग्रॅमवाले हार भेटतात नं, दुकानाच्या लाइटात लखलख, पण दोन-चार लग्नं झाली का हुकाजवळचं पाणी उडते, खालचं तांबं दिसते अन् मानेवर काळी रेघ उमटते. ते टॉड्री.

धंतोलीकर: उगम तर गळ्यातल्या दागिन्याचाच आहे! सातव्या शतकात इंग्लंडात एथेलथ्रिथ नावाची राजकन्या होती, पुढे लोकांच्या तोंडी तिचं ऑड्री झालं. तिनं ६७३ च्या सुमारास इलीला मठ काढला, ६७९ मध्ये गेली, मानेवर गाठ आली होती. बीड नावाच्या साधूनं ७३१ च्या आपल्या इतिहासात लिहून ठेवलं आहे की ती म्हणायची, लहानपणी गळ्यात हारांचं ओझं मिरवलं त्याचंच हे भोगणं. नंतर ती संत झाली, इलीला १७ ऑक्टोबरला तिच्या नावानं जत्रा भरायची अन् तिथे गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकायला यायच्या, सेंट ऑड्रीज लेस. पटपट बोलताना सेंटचा ट ऑड्रीला चिकटला, झालं टॉड्री. शेक्सपिअरच्या विंटर्स टेलमध्ये एक पोरगी कबूल केलेली टॉड्री लेस मागते, तिथे ती हौसेची भेट आहे, शिवी नाही. हलक्या, भडक मालाचा अर्थ सतराव्या शतकात घट्ट झाला. मला त्या बाईसाठी खरंच वाईट वाटते, जिला हारांचा पस्तावा झाला तिचंच नाव असल्या मालाला लागलं.

महालवाली: किती छान सांगितलं दादा! पण पेपरात टॉड्री अफेअर लिहितात, तिथे काय घ्यायचं?

बर्डीचा वाचक: तिथे हिणकस घ्या, चपखल बसते. हीण म्हणजे सोन्याचांदीतली भेसळच, म्हणून दागिन्यालाही चालते अन् लाजिरवाण्या प्रकरणालाही. अन् भाचीला सांगा, ऑस्टेन्टेशस लॅटिनमधलं आहे, मिरवून दाखवणं, त्यात माल अस्सल असू शकते. लग्नात खरं शंभर तोळे अंगावर घालून फिरणारी बाई ऑस्टेन्टेशस, पण टॉड्री नाही.