मदत हवी आहे: विश्व प्रसरण पावते तर देवयानी आपल्याकडं काहून येऊन राहिली?

नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. पंपाला बरेचदा रातचीच लाईन असते, त्यामुळं हरभऱ्याला पाणी देता देता आभाळ पाहायचा नाद लागला. अंधाऱ्या रात्री देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या शेजारची गॅलक्सी, नुसत्या डोळ्यानं दिसते, पुसट डाग, पश्चिमेला कलायच्या आत पाहून घ्यायचा.

आता अडचण अशी की हबल या खगोलशास्त्रज्ञानं १९२९ मधे दाखवलेल्या नियमानं दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागं सेकंदाला ७० किमीच्या आसपास दूर जाण्याचा वेग वाढते. देवयानी २५ लाखावर, म्हणजे ती पन्नासेक किमीनं लांब जायला पाहिजे ना? अन् ती तर सेकंदाला ११० किमीनं आपल्या आकाशगंगेकडं येऊन राहिली! त्यात पुतण्या बारावी सायन्सला, तो म्हणते काका, चंद्र वर्षाला ३.८ सेंमी लांब जाते तो पण याच्यामुळंच का.

प्रसरण समजवायला फुगणारा फुगा अन् फुगत्या पावातले मनुके ही उदाहरणं कृपया नका सांगू, लय वाचलं ते. माझ्या डोक्यात असं की अवकाश पाटातल्या पाण्यासारखं वाहते अन् गॅलक्सी म्हणजे त्यातली काडी. मग लांबची एखादी गॅलक्सी दोरीनं बांधून आपल्यापासून एकाच अंतरावर धरली अन् दोरी कापली, तर ती वाहून जाईल ना?

प्रतिसाद १:
भाऊ, पहिले चंद्राचं निपटवतो. ते भरती-ओहोटीमुळं, पृथ्वीचं फिरणं हळू होते अन् चंद्र सरकते. प्रसरणाचा संबंध नाही. देवयानी अन् आपण सुरुवातीला लांबच जात होतो, गुरुत्वानं ते जाणं थांबवलं अन् उलटं फिरवलं. गुरुत्वानं एकमेकांना बांधलेल्या वस्तूंत हबलचा हिशोब चालत नाही.

दोरीचा प्रश्न मात्र भारी आहे राजा. पाणी ओढते तसं अवकाश कोणाला ओढत नाही. दोरी कापल्यावर काय होईल ते प्रसरणाचा वेग वाढून राहिला का घटून, त्यावर. घटत असता तर ती गॅलक्सी चक्क आपल्याकडं आली असती! १९९८ मधे सुपरनोव्हांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, कळलं की तो वाढून राहिला, म्हणून ती हळूहळू लांब जाईल.

प्रतिसाद २:
वरच्यात भर. कोणी गॅलक्सी आपल्या शेजाऱ्यांच्या मानानं जास्तीच्या वेगानं निघाली तर तो जास्तीचा वेग काळासोबत कमी होत जाते, घर्षण बिर्षण काही नसते तिथं. ती जिथं पोचते तिथले शेजारी आधीच त्याच दिशेनं पळत असतात, त्यामुळं त्यांच्या मानानं हिचा वेग कमी भरते.

धागाकर्ता:
हे शेजाऱ्यांचं झकास समजलं दादा. मग प्रकाशाची लहर ताणून लाल होते, रेडशिफ्ट म्हणतात ते, तो पण हाच हिशोब आहे का? गणितासकट सांगितलं तरी चालते, पुतण्या पाहून घेईन.