खाडीकाठावरून वाळवंटात: वन्यजीव अभ्यासकाची पहिली नोकरी (अनुभव धागा)

ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर या पट्ट्यातली बरीच मुलं एमएस्सी करून जैसलमेर किंवा कच्छमधल्या प्रकल्पांवर रुजू होतात. तोवर त्यांचा हात बसलेला असतो येऊरच्या जंगलात आणि खाडीवरच्या फ्लेमिंगोंच्या मोजणीत. त्यातलं वाळवंटात काय चालतं आणि काय साफ आपटतं, ते तिकडे काम केलेल्यांनी इथे लिहावं. वाळूच्या टेकडीवरचा सूर्यास्त नको. किती, कसं, का आणि काय बिघडतं, एवढंच हवं.

कोपरीकर

आधी कागद, मग दुर्बीण. संशोधनाची परवानगी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मिळते. माळढोक, चिंकारा असे वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधले प्राणी पकडायचे किंवा त्यांना माग काढणारी कॉलर लावायची असेल, तर वर केंद्राची संमती लागते. परवानगीत आपलं नाव, गाडीचा नंबर आणि 'विष्ठा, पिसं गोळा करणे' हे शब्द आहेत का ते स्वतः वाचून घ्या. मेलेल्या पक्ष्याचं पीस खिशात टाकणंही परवानगीशिवाय गुन्हा ठरू शकतो.

जैसलमेरचा पश्चिम भाग सीमेचा आहे. तिथल्या अधिसूचित गावांत बाहेरच्या माणसाला प्रशासनाची वेगळी परवानगी लागते. हातातलं जीपीएस दाखवावं लागलं तर सोबत कार्यालयाचं हिंदी पत्र असू द्या. सॅटेलाईट फोन परवान्याशिवाय बेकायदा आहे आणि ड्रोनचा तर विचारही नको. सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स ठाण्यातूनच काढून न्या.

घोडबंदर

ठाण्यात घाम अंगावर राहतो, म्हणून तो कळतो. थरच्या वाळवंटात तो जागच्या जागी उडून जातो. शर्ट कोरडा आणि पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे, म्हणजे पाणी आधीच कमी पडलंय. एप्रिल-मे मध्ये पायी काम असेल तर माणशी ६ ते ८ लिटर धरा आणि गाडीत २० लिटरचा कॅन वेगळा ठेवा, त्याला रोजच्या वापरात हात लावायचा नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर साडेदहाच्या आत परत.

ओआरएसचं मोठं पाकीट म्हणजे १ लिटर पाणी. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट टाकलं की मीठ दुप्पट होतं आणि तहान वाढते. तिकडच्या बऱ्याच विहिरी-बोअरचं पाणी मुळातच खारं असतं, त्यात ओआरएस कालवू नका. ढाणीवर (म्हणजे वस्तीवर) पावसाचं पाणी साठवलेला टांका असतो, तिथलं गोड पाणी मागून घ्यावं. पण विचारून! टांका त्या घराचा वर्षभराचा साठा असतो.

येऊरची वाट

ट्रान्सेक्टबद्दल (म्हणजे ठरलेल्या सरळ रेषेवर चालत प्राणी मोजण्याबद्दल) जरा सविस्तर, कारण नवीन मुलांचा सगळा डेटा इथेच नासतो.

जंगलात प्राणी ३० मीटरवर दिसला तरी नशीब म्हणायचं. इथे चिंकारा ४०० मीटरवर दिसतो, त्यामुळे नजर आपोआप क्षितिजाला चिकटते आणि रेषेलगतच्या 'कैर' नावाच्या काटेरी झुडपाआड बसलेला प्राणी निसटतो. डिस्टन्स सॅम्पलिंगचं (दिसलेल्या प्राण्यांच्या अंतरावरून संख्या काढायच्या पद्धतीचं) सगळं गणित रेषेवरचा प्राणी सुटत नाही या गृहीतकावर उभं आहे. म्हणून दोघांनी कामं वाटून घ्यावीत, एकाने फक्त जवळचे १०० मीटर बघायचे.

अंतर आणि रेषेशी होणारा कोन मोजायचे ते प्राणी पहिल्यांदा दिसला त्या जागेचे. तो तुम्हाला बघून पळतो आणि लोक तो पळून थांबला त्या जागेवर रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) लावतात. असं केलं की लंब अंतर (रेषेपासून प्राण्यापर्यंतचं काटकोनातलं अंतर) फुगतं आणि घनता, म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे प्राणी, कमी येते. १८० मीटर अंतर आणि ३० अंशांचा कोन असेल तर लंब अंतर ९० मीटर. हे वहीत तिथल्या तिथे काढू नका, कच्चे आकडेच लिहा. कळपाच्या मध्यापर्यंत मोजा आणि डोकी वेगळी मोजा.

रेंजफाइंडर वाळूच्या रंगाच्या प्राण्यावर पुष्कळदा आकडाच देत नाही, शेजारच्या झुडपावर धरा. नऊ-साडेनऊनंतर जमिनीलगतची हवा थरथरू लागते, चिंकारा आणि शेळी यांतला फरकही मग सांगता येत नाही. होकायंत्र बोनेटवर ठेवून वाचणारे महाभाग असतात, लोखंडाने सुई कितीही फिरते. दहा पावलं लांब जा.

विश्लेषणाला प्रत्येक जातीची निदान ६० ते ८० दर्शनं लागतात. म्हणून 'आज काही दिसलं नाही' त्या दिवसाचाही फॉर्म भरायचा: चाललेलं अंतर, वेळ, वारा. ते किलोमीटर गाळले की घनता खोटीच वाढते.

सराव इथेच करता येतो. खारघरच्या टेकडीवर गवत वाळलं की मित्राला उभा करा, आधी अंदाज सांगा आणि मग मोजा.

सीवूड्स पूर्व

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. त्याचा सेन्सर हलणाऱ्या वस्तूच्या आणि मागच्या जमिनीच्या उष्णतेतला फरक पकडतो. मे महिन्याच्या दुपारी वाळू प्राण्याच्या अंगाइतकी किंवा त्याहून जास्त तापते, त्यामुळे कोल्हा समोरून गेला तरी कॅमेरा गप्प. उलट तापलेलं गवत हललं की हजार रिकामे फोटो. समोरचं ३-४ मीटरमधलं गवत कापा. तोंड शक्यतो उत्तरेला करा, पूर्व-पश्चिम ठेवलात तर उगवता-मावळता सूर्य थेट भिंगात येतो.

झाडं नसतात, म्हणून लोखंडी अँगल ठोकावा लागतो. कोल्हा आणि वाळवंटी मांजरासाठी उंची ३० ते ४० सेंमी. वाऱ्याने वाळू सरकते, कधी खांब उघडा पडतो तर कधी भिंगच गाडलं जातं, त्यामुळे वाऱ्याच्या दिवसांत फेऱ्या वाढवा. उंट अँगलला अंग घासतो, त्यावर उपाय नाही! भिंग पुसण्याआधी ब्लोअरने वाळू उडवा. थेट कापड फिरवलंत की ओरखडे पडलेच. नवे-जुने सेल मिसळू नका.

फोटोत शेपटीचं टोक बघा: पांढरं असेल तर वाळवंटी कोल्हा, काळं असेल तर आपली साधी खोकड.

खारघर

गाडी. डांबरी रस्त्यावर ३० पीएसआयच्या आसपास हवा असते, वाळूत १८-२० वर आणा. १५ च्या खाली गेलात तर वळणावर टायर रिममधून निसटतो. परत डांबरावर आलात की आधी हवा भरा, मऊ टायर वेगात तापून फुटतो. छोटा कंप्रेसर आणि प्रेशर गेज लागतंच. अडकलात तर एक्सिलरेटर दाबू नका, चाक स्वतःचा खड्डा खणतं. पोटाखालची वाळू काढा, चाकांमागे पोती टाका, सावकाश मागे घ्या.

भुरट गवताचे काटे मोज्यांत घुसतात हे सगळे सांगतात, पण तेच बी रेडिएटरच्या जाळीत बसून इंजिन तापवतं हे कोणी सांगत नाही. पुढे मच्छरदाणीची जाळी बांधा आणि रोज झटका.

वाशी सेक्टर १७

फुरसं कोकणातल्यांना माहीत असतं, पण थरमधली उपजात वेगळी आहे आणि आपल्याकडच्या नेहमीच्या प्रतिविषाला तिच्या दंशात प्रतिसाद कमी मिळतो, असं तिकडच्या डॉक्टरांचं निरीक्षण आहे. म्हणून दंश टाळणं हाच खरा उपचार. अंधार पडला की घोट्यावरचे बूट, हातात टॉर्च. झोपणं खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून, कारण मण्यार झोपेत चावते आणि दुखतही नाही. पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या तर साप दिसायची वाट न बघता रुग्णालय गाठा. आवळपट्टी नाही, चिरा नाही, पाय हलवायचा नाही. जैसलमेरहून जोधपूर पावणेतीनशे किलोमीटर आहे, तेव्हा प्रतिविष आणि व्हेंटिलेटर कुठे आहेत हे रुजू झाल्याच्याच आठवड्यात विचारून ठेवा.

नान्नजचा माळ

माळढोक, तिकडे गोडावण. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. तुम्ही जवळ गेलात, ती उठली, की कावळा, घोरपड किंवा कुत्रं ते उचलतं. गाडीतून उतरू नका, गाडीला हे पक्षी माणसापेक्षा कमी बिचकतात. घरट्याचा फोटो लोकेशनसकट ग्रुपवर टाकणाऱ्याला कामावर ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत.

या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही, म्हणून तो वीजतारांवर आदळतो. तारांखालचं सर्वेक्षण दोन्ही बाजूंनी चालत करा. सापडलेली मढी हा किमान आकडा समजा, बाकीची कुत्री आणि कोल्हे आधीच नेतात.

सांड्याची (काटेरी शेपटीच्या वाळवंटी सरड्याची) बिळं मोजताना बंद बीळ रिकामं समजू नका. सांडा आत शिरून तोंड मातीने बुजवतो, थंडीत तर महिनोन्‌महिने आतच असतो. उन्हाळ्यातल्या सकाळी, ऊन जरा चढल्यावर, बिळाबाहेर ताजी लेंडी आणि शेपटी ओढल्याची खूण दिसते का ते बघा.

कोपरीकर

राहून गेलं. विष्ठेचे नमुने कागदी पाकिटात ठेवा आणि लेबल पेन्सिलने लिहा. तिकडे ते आपोआप वाळतात, पण जुलैत बोरिवलीला उतरून घरी आणलेत की आठवड्यात बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालूनच आणा. दुर्बीण आणि कॅमेऱ्याची भिंगंही त्याच डब्यात.