आधी प्रोसेसरचं तापमान कसं चढतंय ते बघा

कॉम्प्युटरचा प्रोसेसर फार तापत असेल, तर "९० अंशांच्या वर गेलं की सरळ पेस्ट बदला" असा सल्ला देतात, तो मला अर्धंच पटला. (पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक, म्हणजे त्यावरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, यांच्या मधे लावतात ती थर्मल पेस्ट.) लोड (जड काम) देताच दोन-तीन सेकंदांत ४० वरून ९५ वर उडी गेली, तर हीटसिंक नीट टेकलेला नाही किंवा पेस्ट वाळलीय. दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढलं, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतेय, पण बाहेर पडत नाहीये. तिथे धूळ आणि कॅबिनेटचे पंखे बघा, पेस्टचा उपयोग नाही.

माझ्याकडे दोनदा पेस्ट लावूनही फरक शून्य. शेवटी हीटसिंकला बोट लावलं (पंखा सांभाळून), तर तो चक्क गार! हीटसिंक बसवायच्या चार पिनांपैकी एक मदरबोर्डात पूर्ण बसलीच नव्हती. मशीन बंद करून ती 'कट्' आवाज येईपर्यंत दाबली. आता त्याच लोडला तापमान सत्तरच्या आसपास थांबतं. पिना दाबताना मात्र तिरक्या जोडीनं दाबा, म्हणजे दाब एकाच बाजूला येत नाही.